बहात्तरचा दुष्काळ आणि उपनगरांतील लोकस्मृती : लोकसाहित्याभ्यासापुढील एक प्रश्न

१

मराठी लोकसाहित्याच्या अभ्यासात ‘लोक’ म्हणजे कोण, या प्रश्नाची चर्चा पुष्कळ झाली आहे. ‘लोक’ राहतात कोठे, हा प्रश्न मात्र तितक्या गांभीर्याने विचारला गेलेला दिसत नाही. दुर्गा भागवतांची मूलगामी मांडणी, सरोजिनी बाबर यांच्या संपादनांतून उभा राहिलेला प्रचंड संग्रह, साने गुरुजींनी संकलित केलेल्या ओव्या, हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी सहकाऱ्यांसह गावोगाव फिरून जमवलेल्या एक लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या, ही या ज्ञानशाखेची पुंजी आहे. तिचे मोल वादातीत आहे. तथापि, या पुंजीने अभ्यासकाच्या मनात एक चित्रही पक्के केले. लोकसाहित्य गावात असते, ते शक्यतो पद्यात असते आणि ते जुने असते, असे ते चित्र. जे गावाबाहेर पडले, जे गद्यात सांगितले जाते आणि ज्याला अजून शंभर वर्षे झालेली नाहीत, त्याकडे अभ्यासकाची दृष्टी सहसा वळत नाही.

१९७२च्या दुष्काळाच्या आठवणी या तिन्ही कारणांनी या चित्राबाहेर राहिल्या आहेत. त्या जात्यावर गायिल्या जात नाहीत, बोलण्याच्या ओघात सांगितल्या जातात. त्या सांगणारी माणसे गावांत आहेत, तशीच घाटकोपर, मुलुंड, अंधेरी, बोरीवलीच्या वस्त्यांतही आहेत. शिवाय त्यांचे वय एका मनुष्याच्या आयुष्याएवढेच आहे. या स्मृती लोकसाहित्याभ्यासाचा विषय आहेत, आणि मुंबईच्या उपनगरांतील मराठी विभागांनी त्यांचे संकलन आता हाती घेतले नाही तर ते पुढे कोणालाही घेता येणार नाही, असे प्रतिपादन येथे करावयाचे आहे.

२

महाराष्ट्राला दुष्काळ नवा नाही, आणि त्याची स्मृती भाषेत साठवण्याची रीतही नवी नाही. चौदाव्या-पंधराव्या शतकांच्या संधिकाळातील दीर्घ अवर्षणाला लोकांनी ‘दुर्गादेवीचा दुष्काळ’ असे नाव दिले आणि ते नाव राजवटी बदलल्या तरी टिकले. १६३०–३२च्या दुष्काळाने तुकोबांचे घर उद्ध्वस्त केले, हे महाराष्ट्रातील निरक्षर माणसालाही कीर्तनांतून ठाऊक झाले. ‘दुष्काळात तेरावा महिना’ ही म्हण तर अशी की, तिच्यामागे अधिक मासाचे पंचांग आणि रिकामे कणगे या दोहोंचा अनुभव एकत्र उभा आहे. ‘अस्मानी-सुलतानी’ या जोडशब्दात आपत्ती निसर्गाची किती आणि सत्तेची किती, या प्रश्नाचे उत्तर लोकांनी कधीच देऊन ठेवले आहे.

१८७६–७८च्या दुष्काळापासून या स्मृतीला लेखी साक्षीची जोड मिळू लागते. सावित्रीबाई फुले यांनी १८७७ मध्ये ओतूरहून जोतीरावांना लिहिलेले पत्र आणि सत्यशोधक समाजाने धनकवडी येथे दुष्काळग्रस्त मुलांसाठी चालविलेला आश्रम यांचा उल्लेख या संदर्भात अपरिहार्य आहे. पुढे १८८३च्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथात शेतकऱ्याच्या दैन्याची जी कारणमीमांसा येते, तिच्या पार्श्वभूमीवर हा दुष्काळ आहे. परंतु पत्र, ग्रंथ आणि सरकारी अहवाल यांत येणारा दुष्काळ आणि घराघरांत सांगितला जाणारा दुष्काळ यांत अंतर असते. ते किती होते, हे १८७६च्या बाबतीत आज तपासता येत नाही. कारण ज्यांनी तो भोगला, त्यांना कोणी विचारले नाही.

१९७२ची गोष्ट वेगळी आहे. १९७० ते १९७३ या सलग वर्षांतील अवर्षणाने मराठवाडा आणि पश्चिम महाराष्ट्राचा पूर्वेकडील पट्टा होरपळून निघाला. या आपत्तीचा लेखी इतिहास भक्कम आहे. व्ही. सुब्रमण्यम यांचा ‘पार्च्ड अर्थ’ (१९७५) हा ग्रंथ, ज्याँ द्रेझ यांची नंतरची चिकित्सा आणि रोजगार हमी योजनेवरील विपुल लेखन यांतून एक कथा स्थिरावली आहे. मे १९७३ मध्ये सुमारे ५० लाख माणसे दुष्काळी कामांवर होती; १९४३च्या बंगालसारखा मृत्यूचा हाहाकार येथे टळला; वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आकाराला आलेल्या रोजगार हमीला १९७७च्या कायद्याने अधिष्ठान दिले, तो १९७९ पासून अमलात आला आणि २००५च्या राष्ट्रीय कायद्याला त्याचा आदर्श मिळाला. ही कथा खरी आहे. परंतु ती खडी फोडून घेणाऱ्यांची कथा आहे. खडी फोडणाऱ्यांची कथा तिच्यात मावत नाही.

३

या दुसऱ्या कथेला स्वतःचे कल्पनाबंध आहेत. बहात्तरच्या आठवणी ज्याने दोन-चार ठिकाणी ऐकल्या असतील, त्याला ते तत्काळ ओळखू येतात. पहिला कल्पनाबंध धान्याचा. परदेशातून आलेली लाल ‘मिलो’ ज्वारी, तिची न जमणारी भाकरी, आणि हे धान्य ‘तिकडे डुकरांना घालतात’ ही सर्वत्र पसरलेली वदंता. दुसरा ‘सुकडी’चा. कामावर वाटले जाणारे हे पौष्टिक पीठ कोणी ओंजळीत घेतले, कोणी घरच्या लेकरांसाठी पदरात बांधून नेले. पुढे अंगणवाडीतल्या खाऊलाही तेच नाव राहिले. तिसरा रानातल्या अन्नाचा. बरबड्याचे बी, तरवट्याचा पाला, जे एरवी कोणी उपटून टाकले असते ते चुलीवर चढले. चौथा जनावरांचा. दावणीची बैलजोडी कवडीमोलाने गेली किंवा दावे सोडून दिली. पाचवा, आणि बहुधा सर्वांत अर्थपूर्ण, खडीच्या ढिगाचा. पाटलीण आणि मजूर बाई एका रांगेत बसून खडी फोडू लागल्या, हे दृश्य.

हे कल्पनाबंध ‘लोकतत्त्वा’च्या कोणत्याही कसोटीला उतरतात. ते व्यक्तिगत अनुभवातून निघतात, पण त्यांची घडण सामूहिक आहे. ते ठरावीक शब्दांत सांगितले जातात. त्यांत रूपभेद होतात. ज्याने मिलोची भाकरी स्वतः खाल्ली नाही, तोही तिची चव सांगतो. मिलोविषयीची वदंता खरी की खोटी हे तपासणे इतिहासकाराचे काम आहे. ती टिकली का, हे पाहणे लोकसाहित्याच्या अभ्यासकाचे काम आहे. दान म्हणून आलेल्या अन्नातील अवमान बोलून दाखवण्याचा तो मार्ग आहे. गाजरगवताला ‘काँग्रेस गवत’ हे नाव देऊन ते अमेरिकन गव्हाबरोबर आले असे सांगणारी समजूतही याच कुळातली होय.

खडीच्या ढिगाचा कल्पनाबंध अधिक बारकाईने पाहावा लागेल. तो दोन प्रकारे सांगितला जातो आणि दोन्ही प्रकारांचा अर्थ एक नाही. जमीनदार घरात तो पतनाची कथा होतो : केवढे घर, आणि काय वेळ आली. गावकुसाबाहेरच्या घरात तीच घटना समतेच्या एका क्षणाची कथा होते, क्वचित विनोदाचीही. दलित आत्मकथनांच्या वाचकाला याचे नवल वाटणार नाही. ‘बलुतं’ (१९७८), ‘आठवणींचे पक्षी’ (१९७९), ‘जिणं आमुचं’ (१९८६), ‘उचल्या’ (१९८७) या ग्रंथांतील भूक कोणत्याही एका सालाशी बांधलेली नाही. ती रोजची आहे. ज्याच्या घरी प्रत्येक वर्ष बहात्तरचे होते, त्याला बहात्तरमध्ये ‘दुष्काळ’ कोणता दिसला असेल? काहींच्या दृष्टीने तर त्या वर्षी प्रथमच रोजचे काम आणि आठवड्याची मजुरी मिळाली. एकाच दुष्काळाच्या या दोन स्मृती एकमेकींशेजारी ठेवल्याशिवाय त्यांतील कोणतीही एक नीट कळत नाही. गावात त्या शेजारी ठेवणे अवघड जाते, कारण तेथे कोण कोणासमोर काय बोलेल याचे दंडक अजून सैल झालेले नाहीत. उपनगरातल्या वस्तीत मात्र वेगवेगळ्या जिल्ह्यांतली, वेगवेगळ्या जातींची घरे एका गल्लीत येतात. अभ्यासक्षेत्र म्हणून उपनगराचे पहिले महत्त्व हे आहे.

४

दुसरे महत्त्व भाषेचे. दुष्काळी कामावरचा शब्दसंग्रह ‘मुकादम’, ‘हजेरी’, ‘मस्टर’, ‘घमेले’, ‘टिकाव’, ‘फावडे’ असा होता. सकाळी घाटकोपर, मुलुंड, बोरीवली येथील नाक्यांवर रोजाच्या आशेने उभ्या राहणाऱ्या बिगाऱ्याची भाषा बरीचशी याच शब्दांची आहे. पाझर तलावावर माती वाहणारे हात पुढे उपनगरांतील इमारतींच्या पायाभरणीवर माती वाहू लागले. शब्द त्याच हातांबरोबर आले. दुष्काळ हा ज्यांच्या बाबतीत स्थलांतराचा आरंभबिंदू ठरला, त्यांच्या कौटुंबिक कथनात बहात्तर हे साल कालगणनेचे काम करते. जन्म, लग्न, मुंबईत येणे हे सारे ‘दुष्काळाच्या आधी’ किंवा ‘दुष्काळानंतर’ असते.

हे उपनगर मराठी साहित्यात अण्णा भाऊ साठे यांनी आधीच आणून ठेवले होते. वाटेगावाहून वडिलांबरोबर पायी मुंबईला आलेला हा लेखक पुढे घाटकोपरच्या चिरागनगरात राहिला. ‘फकिरा’ (१९५९) मध्ये भुकेलेल्या माणसांसाठी धान्य लुटणारा नायक आहे. ‘स्मशानातील सोनं’ या कथेत वारणेच्या खोऱ्यातून मुंबईच्या उपनगरात आलेला भीमा आहे. खाणीचे काम बंद पडते आणि हा धिप्पाड माणूस प्रेतांच्या राखेत सोने शोधू लागतो. दुष्काळ गावात संपत नाही, तो माणसाबरोबर चालत शहराच्या वेशीवर येतो आणि तेथे दुसरे रूप घेतो, हे या कथेचे मर्म आहे. १९६९ मध्ये अण्णा भाऊंचे निधन झाले. बहात्तर त्यांनी पाहिले नाही. पण बहात्तरनंतर त्यांच्याच चिरागनगराच्या आसपासच्या टेकड्यांवर ज्यांनी झोपड्या बांधल्या, त्यांच्या आठवणी वाचण्याची दृष्टी त्यांची कथा देऊन जाते. ‘बनगरवाडी’ (१९५५) दुष्काळाने वाडी उठते तेथे थांबते. उठलेली माणसे कोठे गेली, हे विचारणे कादंबरीचे काम नव्हते. लोकसाहित्याच्या अभ्यासकाचे मात्र आहे.

उपनगरातील ही स्मृती एकभाषिकही नाही. घाटकोपर-मुलुंडमधील गुजराती आणि कच्छी शेजाऱ्यांच्या परंपरेत ‘छप्पनियो’ आहे : विक्रम संवत १९५६, म्हणजे इ. स. १८९९–१९००चा भीषण दुष्काळ. पन्नालाल पटेल यांच्या ‘मानवीनी भवाई’ (१९४७) या कादंबरीने त्याला साहित्यात चिरस्थान दिले. एकीकडे संवताच्या आकड्याने, दुसरीकडे इसवी सनाच्या आकड्याने ओळखले जाणारे हे दोन दुष्काळ आज एकाच रेल्वे स्थानकाच्या दोन बाजूंना नांदतात. तौलनिक अभ्यासासाठी याहून सोयीचे क्षेत्र कोणते?

५

तुलनेचा विस्तार आणखी दूर नेता येतो, आणि तो उपयुक्त आहे. आयर्लंडमध्ये १८४५ ते १८५२ या काळात बटाट्याच्या पिकावरील रोगाने दुष्काळ ओढवला. सुमारे १० लाख माणसे मेली आणि तितक्याहून अधिक देशोधडीला लागली. तेथील लोकसाहित्य आयोगाने, १९३५ मध्ये स्थापना झाल्यानंतर, १९४५ साली म्हणजे शंभर वर्षांनी, या दुष्काळाच्या मौखिक परंपरेविषयी प्रश्नावली फिरवली. तिच्या उत्तरांत ग्रामीण आयर्लंडची स्मृती साठली आहे : आयात केलेल्या पिवळ्या मक्याचा तिटकारा आणि त्याला मिळालेले कुचेष्टेचे नाव, धर्मांतराच्या बदल्यात मिळणाऱ्या सूपाचा कलंक, ज्यावर पाऊल पडताच माणूस भुकेने कोसळतो ते ‘भुकेचे गवत’. मिलोच्या वदंतेशी पिवळ्या मक्याचे नाते उघड आहे.

परंतु आयरिश सामग्रीच्या चिकित्सकांनी एका गोष्टीकडे लक्ष वेधले आहे, आणि ती अधिक बोधप्रद आहे. दुष्काळात माणसे मेली असे सांगणारे निवेदक ती आपल्या घरातली होती असे सहसा सांगत नाहीत. मेले ते शेजारच्या गावातले, दुसऱ्या घरातले. शंभर वर्षांत लज्जेने स्मृतीची अशी पुनर्रचना केली होती. शिवाय जे सर्वाधिक होरपळले, त्यांची घरेच उरली नसल्याने त्यांच्या वतीने बोलणारे कोणी नव्हते. संकलन उशिरा झाले, याची ही किंमत होती.

महाराष्ट्राला ती मोजावी लागेलच असे नाही. बहात्तरमध्ये पंधरा वर्षांची असलेली मुलगी आज सत्तरीच्या आसपास आहे. तिने खडी स्वतः फोडली आहे. तिच्या कथनातही मौने असतील. हसत हसत मिलोची गोष्ट सांगणारी स्त्री, त्या वर्षी घाईने उरकलेल्या धाकट्या बहिणीच्या लग्नाविषयी किंवा गावात मागे ठेवलेल्या म्हाताऱ्या सासूविषयी बोलताना थांबेल. ही मौने नोंदवणे कल्पनाबंध नोंदवण्याइतकेच महत्त्वाचे आहे. दहा-पंधरा वर्षांनी मौनही उरणार नाही, केवळ सरकारी यशकथा उरेल.

६

या प्रतिपादनावर तीन आक्षेप संभवतात. पहिला असा की, ही सामग्री इतिहासाची किंवा समाजशास्त्राची आहे, साहित्याची नाही. या आक्षेपामागे साहित्य म्हणजे सिद्ध झालेली संहिता, ही धारणा आहे. पण मौखिक परंपरेत संहिता सांगण्याच्या क्रियेतूनच सिद्ध होते. निवेदक कोठे थांबतो, कोणता प्रसंग दर वेळी त्याच शब्दांत सांगतो, कोणता प्रसंग नातवंडांसमोर सांगतो आणि कोणता नाही, हे प्रश्न कथनमीमांसेचे आहेत. समाजशास्त्रज्ञ त्यांतून माहिती घेऊन पुढे जाईल. सांगण्याच्या घाटापाशी साहित्याच्या अभ्यासकालाच थांबावे लागेल.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. या आठवणी आता ‘शुद्ध’ राहिलेल्या नाहीत. वृत्तपत्रे, दूरदर्शन, चित्रपट आणि राजकीय भाषणे यांची त्यांत सरमिसळ झाली आहे. हे खरे आहे. किंबहुना, नंतरच्या प्रत्येक दुष्काळाने बहात्तर नव्याने सांगायला लावले आहे. २०१६च्या उन्हाळ्यात लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले. त्याच काळात नांदेड जिल्ह्यातून आलेली कुटुंबे घाटकोपरच्या भटवाडीत उघड्या मैदानावर पाले टाकून राहिली. तेथील जुन्या रहिवाशांपैकी बहात्तर पाहिलेल्यांना ते आठवले नसेल, असे मानणे कठीण आहे. पण सरमिसळ हा स्मृतीचा दोष मानला, तर लोकसाहित्यातील एकही प्रकार शुद्ध उरणार नाही. जात्यावरच्या ओवीत आगगाडी आली तेव्हा ती ओवी बाद झाली नाही. कोणत्या काळी काय मिसळले, हे उलगडणे हाच अभ्यास.

तिसरा आक्षेप व्यावहारिक आहे : हे करणार कोण? त्याचे उत्तर आयर्लंडमध्येच आहे. १९३७ ते १९३९ या काळात तेथील सुमारे पाच हजार प्राथमिक शाळांतील मुलांनी घरातल्या आणि शेजारच्या वृद्धांना विचारून लोकपरंपरेच्या नोंदी वह्यांत उतरवल्या. पुढे १९७९–८० मध्ये डब्लिन शहराच्याच लोकस्मृतीचे स्वतंत्र संकलन झाले. गाव आणि शहर यांतील भिंत तेथील अभ्यासकांनी अशी ओलांडली. मुंबईच्या उपनगरी महाविद्यालयांत मराठी घेऊन पदवी आणि पदव्युत्तर वर्गांत बसणाऱ्या विद्यार्थ्यांत बीड, धाराशिव, सोलापूर, सातारा, अहिल्यानगर या जिल्ह्यांतून आलेल्या कुटुंबांची मुले-मुली आहेत. लोकसाहित्याच्या प्रश्नपत्रिकेसाठी ते ओवी, भारूड, लावणी यांची लक्षणे पाठ करतात. आणि घरी आजी बरबड्याच्या भाकरीची गोष्ट सांगते तेव्हा तिचा अभ्यासक्रमाशी काही संबंध आहे, असे त्यांना कोणी सांगितलेले नसते. पाठ्यविषय आणि विद्यार्थी यांच्यातील हा दुरावा प्राध्यापकाच्या हातून दूर होऊ शकतो.

७

त्यासाठी फार मोठी यंत्रणा लागत नाही. शिस्त मात्र लागते. निवेदकाचे कथन त्याच्या बोलीत, शब्द न सुधारता उतरवून घेणे. कोणत्या गावातून, कोणत्या वर्षी तो मुंबईत आला हे नोंदवणे. एकच प्रसंग शक्य तर दोन वेळा, दोन प्रसंगी ऐकणे. त्याच घरातील स्त्री आणि पुरुष यांना वेगवेगळे विचारणे. आणि संमतीखेरीज कोणाचेही नाव न छापणे. ज्याने भूक भोगली, त्याची भूक प्रबंधाची सजावट होता कामा नये. हे पथ्य पाळले, तर विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांतूनच काही वर्षांत एक संग्रह उभा राहू शकेल. मुंबई विद्यापीठाचे कालिना येथील संकुल स्वतः उपनगरातच आहे. संग्रहाला जागा शोधत दूर जावे लागणार नाही.

लोकसाहित्याचा अभ्यास आपल्याकडे पुष्कळदा जे हरपले त्याच्या शोकातून सुरू झाला : जाते गेले, ओवी गेली, गोंधळी गेला. या वेळी जे हरपायचे आहे ते अजून समोर बसले आहे. डोंगरउतारावरच्या वस्तीत, नळाला पाणी येण्याची वाट पाहत बसलेली एक वृद्धा पाण्याविषयी जे बोलते, त्यात १९७२ची कोरडी विहीर आहे, पाझर तलावाची माती आहे आणि टेकडीवर चढणाऱ्या हंड्याचे वजनही आहे. ते बोलणे ऐकण्यासाठी लोकसाहित्याच्या अभ्यासकाला गावी जाण्याची गरज नाही. महाविद्यालयाच्या फाटकाबाहेर चार पावले गेला तरी पुरे.